गल्ला चोरीला गेलाच नव्हता

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

आज मी ज्या गुप्तहेराबद्दल बोलणार आहे तो माणूस नाही, बदक आहे. काळंकुट्ट, नारिंगी चोचीचं आणि बोलताना समोरच्याच्या अंगावर थुंकी उडवणारं बदक. नाव डॅफी डक. ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे तो जेमतेम साडेसात मिनिटांचा आहे. ‘द ग्रेट पिगी बँक रॉबरी’ हे त्याचं नाव. आपण त्याला ‘गल्ल्यांची महाचोरी’ म्हणू. अमेरिकेतल्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीने तो जुलै १९४६ मध्ये पडद्यावर आणला.

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाचा या बदकाशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. लहानपणी तर काहीच नव्हता. आमच्याकडे सिनेमाच्या आधी सरकारी न्यूजरील लागायची. धरणांची उद्घाटनं आणि पूरग्रस्तांना मदत बघून झाली की मग मुख्य चित्रपट. कार्टून म्हणजे मुंबई-पुण्याच्या मोठ्या थिएटरांची चैन. हे बदक मला भेटलं ते साठी ओलांडल्यावर, आणि तेही शिरूरला. माझा धाकटा भाऊ तिथे स्थायिक झाला आहे. न्हावरे मार्गे एस.टी.ने मी अधूनमधून त्याच्याकडे जातो. त्याच्या नातवाला कुणीतरी सांगितलं होतं, की या आजोबांना गुप्तहेरांचं फार वेड. त्याने मला संगणकासमोर बसवलं आणि म्हणाला, “आजोबा, हे बघा तुमच्यासाठी.”

मी पोट धरधरून हसलो. पण शेवटाकडे एका जागी माझं हसू एकदम थांबलं. पोराने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” ते खरं नव्हतं. आजचं हे बोलणं म्हणजे त्या पोराला तेव्हा न दिलेलं उत्तर आहे.

आधी थोडा इतिहास. ऑक्टोबर १९३१ मध्ये चेस्टर गूल्ड नावाच्या चित्रकाराने अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात ‘डिक ट्रेसी’ ही चित्रमालिका सुरू केली. तो काळ दारूबंदीचा आणि शिकागोच्या टोळ्यांचा. कायदा हतबल आणि गुंड मस्तवाल, असं वातावरण होतं. गूल्डने एक ताठ, कोनदार हनुवटीचा पोलीस गुप्तहेर उभा केला आणि लोकांना तो एकदम पटला. ट्रेसीइतकेच त्याचे खलनायकही गाजले. एकाचं डोकं वरून सपाट, दुसऱ्याचा चेहरा सुकलेल्या आलुबुखारासारखा सुरकुतलेला. गूल्डचा हिशेब सरळ होता. गुन्हा कुरूप असतो, म्हणून गुन्हेगारही कुरूप दिसला पाहिजे. वाचकाने चेहरा पाहिला की काम झालं, पुरावा कुणी मागायचा नाही.

पंधरा वर्षांनी बॉब क्लॅम्पेट या दिग्दर्शकाने याच मालिकेची टिंगल करायची ठरवली. वॉरन फॉस्टरने कथा लिहिली. रॉड स्क्रिबनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चित्रांना हालचाल दिली, मेल ब्लँकने आवाज आणि कार्ल स्टॉलिंगने संगीत. वॉर्नरसाठी क्लॅम्पेटने केलेल्या अखेरच्या चित्रपटांपैकी हा एक. १९९४ साली जेरी बेक यांनी या क्षेत्रातल्या जाणकारांची मतं घेऊन सर्वोत्तम पन्नास कार्टूनांचं पुस्तक काढलं, त्यात याचा नंबर सोळावा लागला.

आता गोष्ट. डॅफी शेतावर राहतो. नव्या अंकाची वाट पाहत पोस्टाच्या पेटीभोवती त्याच्या येरझारा चालल्या आहेत. अंक हातात पडतो आणि तो तिथेच अधाशासारखा वाचू लागतो. आपणच डिक ट्रेसी असतो तर काय बहार आली असती, या कल्पनेने तो इतका पेटतो की हवेत ठोसे मारता मारता स्वतःलाच ठोसा मारून बेशुद्ध पडतो. मग स्वप्न. स्वप्नात तो ‘डक ट्वेसी’ नावाचा प्रख्यात गुप्तहेर. शहरातले सगळे गल्ले चोरीला गेलेले, टेलिफोनवर टेलिफोन. तो कुणालाच दाद देत नाही. पण आपला स्वतःचा गल्लाही गेला आहे हे कळताच साहेब खडबडून उठतात. टॅक्सीला हात करून ‘त्या गाडीचा पाठलाग कर’ म्हणतात, तर टॅक्सी त्यांना रस्त्यावर सोडूनच पाठलागाला निघून जाते. शेवटी ट्रामने जातात. वाटेत साक्षात शेरलॉक होम्स आडवा येतो, तर त्यालाही हुसकावून लावतात. गुंडांच्या गुप्त अड्ड्यावर दिव्यांची झगमगीत पाटी आहे, की हा गुंडांचा अड्डा. आत पावलांचे ठसे आहेत. त्यांच्या मागोमाग जाता जाता उंदराचं बीळ येतं आणि त्यातून डोंगराएवढा उंदीरमाणूस बाहेर पडतो.

मग सगळे खलनायक एकदम अंगावर येतात. एकाच्या धडावर भोपळा, एकाच्या डोळ्यांच्या जागी फासे, एक नुसता निऑनच्या नळीचा बनलेला. एकाचं डोकं खोडरबराचं. तो डॅफीला खरोखरच खोडायला लागतो, कारण अमेरिकन बोलीत ‘पुसून टाकणं’ म्हणजे ठार मारणं. धुमश्चक्री होते, बदक मशीनगन चालवतं, सगळे गुंड संपतात आणि गल्ले सापडतात. डॅफी आपल्या गल्ल्याचे मुके घेत असताना स्वप्न मोडतं. बघतो तर शेतावरच्या चिखलात आपण खऱ्याखुऱ्या डुकरिणीचे मुके घेतोय. तो किळसून पळ काढतो आणि ती मात्र खूष. इथे हे सांगायला हवं, की तिकडे गल्ला डुकराच्या आकाराचा असतो. आपल्याकडे कुंभाराने केलेला, वर फट ठेवलेला मातीचा गोळा. तो फोडल्याशिवाय पैसे बाहेर निघत नाहीत, हे त्याचं वैशिष्ट्य.

या चित्रपटाचं बलस्थान विचाराल, तर पहिलं त्याचा वेग. साडेसात मिनिटांत एक क्षणही वाया गेलेला नाही. दुसरं, शरीरांची लवचीकता. स्क्रिबनरच्या हाताखाली बदकाचं अंग रबरासारखं ताणतं, थरथरतं. हाव, भीती, फुशारकी, सगळं आधी शरीरात दिसतं, शब्द मागून येतात. तिसरं, रात्रीचं ते शहर. त्या वर्षांत अमेरिकेत काळ्या सावल्यांच्या गुन्हेपटांची लाट होती. त्यांच्या तिरक्या भिंती, लांब सावल्या इथे इतक्या मनापासून रंगवल्या आहेत की विनोद चालू असताना थोडी भीतीही वाटते. थट्टा करायची तर मूळ वस्तूवर प्रेम लागतं, आणि ते इथे आहे.

पण सर्वांत मोठं बलस्थान मला वाटतं ती सुरुवातीची दोन मिनिटं. रहस्यकथा वाचणारा पोरगा कसा असतो, हे याहून खरं मी कुठे पाहिलेलं नाही. कारण तो मी होतो. आमच्या दौंडला स्टेशनजवळ एक भाड्याने पुस्तकं देणारं दुकान होतं. तिथे बाबूराव अर्नाळकरांची नवी कथा आली की आम्ही असेच घिरट्या घालायचो. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि विजया, धनंजय आणि छोटू, काळापहाड ही आमची घरची माणसं होती. इंजिनांच्या धुरात, शंटिंगच्या आवाजात आम्ही ती पुस्तकं एका बैठकीत संपवायचो. त्या पुस्तकांनी माझ्यासारख्या कितीतरी पोरांना वाचनाची गोडी लावली, हे ऋण मी विसरणार नाही.

आता उणिवा. पहिली ही, की गंमत कळायला डिक ट्रेसी माहीत असावा लागतो. एका सपाट डोक्यावरून विमानं उडतात तेव्हा अमेरिकन प्रेक्षक दुहेरी हसतो. त्या नावाचा खलनायक मूळ मालिकेत होता आणि विमानवाहू जहाजालाही तिकडे त्याच नावाने ओळखतात. शिरूरच्या पोराला यातलं काही कळलं नाही. दुसरी उणीव म्हणजे हा गुप्तहेर शोध असा घेतच नाही. एक धागा नाही, एक तर्क नाही, एक प्रश्न नाही. १९५६ मध्ये वॉर्नरच्याच चक जोन्सने याच बदकाला होम्सची टोपी चढवून ‘डिड्यूस, यू से’ हे कार्टून केलं. तिथे त्याच्या शेजारी पोर्की नावाचं शांत, सभ्य डुक्कर वॉटसनसारखं सोबतीला आहे. बदकाची फुशारकी कुठे फसते ते त्या सोबत्यामुळे आपल्याला लख्ख दिसतं. धनंजयलाही छोटू होता. १९४६ च्या डॅफीला कुणी नाही. त्याला ‘जरा थांब’ म्हणणारं त्या स्वप्नात कुणीच नाही.

तिसरी उणीव ती, जिथे माझं हसू थांबलं. सगळे गुंड एका कपाटवजा दारामागे कोंडले जातात. बदक दारावर गोळ्यांचा पाऊस पाडतं. मग दार उघडतं आणि एकामागून एक देह पत्त्यांसारखे आडवे होतात. चोरीचे गल्ले त्याच अड्ड्यात सापडतात हे खरं, म्हणजे चोर तेच होते. पण गल्ले सापडतात ते गोळ्या झाडून झाल्यावर. आधी शिक्षा आणि मग पुरावा. गोळ्या झाडताना बदकाजवळ एकच पुरावा होता, तो म्हणजे त्यांचे चेहरे.

मला जे आठवलं ते सांगतो. १९६६ साल, मी बारा वर्षांचा. आमच्या ताईचा मातीचा गल्ला माळ्यावर असायचा. दिवाळीच्या सुट्टीत एके सकाळी तो जागेवर नव्हता. ताई रडायला लागली आणि मला मात्र आनंद झाला. होय, आनंदच. गुन्हा चालत घरी आला होता! आई आदल्या दिवशीच केडगावला मावशीकडे गेली होती, वडील पार्सल ऑफिसात ड्यूटीवर. मी तपास हातात घेतला. चुलीपुढे सांडलेल्या राखेत अनवाणी पावलाचा ठसा होता. मी तो सुतळीने मोजला. मग विचार केला, क्वार्टर्समध्ये अनवाणी कोण येतं? नदीकडच्या पारध्यांच्या पालांवरचा एक मुलगा जाळीत तितर घेऊन विकायला यायचा. माझ्याच वयाचा. केस पिंगट, अंगावर फाटका सदरा, नजर इकडेतिकडे. माझ्या मनात खटला तिथेच संपला. ती सुतळी मी त्याच्या पावलाला लावून पाहिलीसुद्धा नाही.

दुपारी तो आला तेव्हा मी ओट्यावरून बोट दाखवलं. एवढंच केलं मी. पुढचं मोठ्या माणसांनी केलं. चौघांनी त्याला धरलं आणि इतकं मारलं की त्याला नीट उभं राहता येईना. त्याची जाळी फाटली, तितर उडून गेले. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, की मी घरात शिरलोच नाही. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे ते उत्तर ऐकायलाही कुणी नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीने आई परत आली. गल्ल्याचं ऐकून ती गप्पच झाली. मग हलक्या आवाजात म्हणाली, की आठवड्यापूर्वी वाण्याची उधारी आणि माझी शाळेची फी एकदम अंगावर आली, म्हणून गल्ला तिनेच फोडला होता. पगार झाला की नवा आणून भरून ठेवणार होती. राखेतलं पाऊल तिचंच होतं. म्हणजे चोर सापडला नाही एवढ्यावर हे प्रकरण संपत नव्हतं, मुळात चोरीच झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे वडील मला घेऊन नदीकडे निघाले. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. पालांच्या जागी तीन दगडांची चूल होती आणि राख. रात्रीतच ती माणसं उठून गेली होती. त्या मुलाचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. ज्याचं नावसुद्धा विचारलं नाही त्याला चोर ठरवायला मला एक सकाळ पुरली.

मोठेपणी इतिहास वाचताना कळलं, की ते बोट माझं एकट्याचं नव्हतं. १८७१ साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमाती’ ठरवण्याचा कायदा केला. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यासह सर्वत्र तो लागू होऊ शकला. अमुक जमातीत जन्मला म्हणून माणूस संशयित. त्याने नाव नोंदवायचं, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायला परवाना काढायचा. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहत होती. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंड भागात ज्यांच्या वस्त्या आजही आहेत, त्या फासेपारध्यांवरही हा शिक्का बसला. याच सुमाराला, १८७६ मध्ये, इटलीत चेझारे लोंब्रोझो या डॉक्टरने ग्रंथ लिहून सांगितलं, की जन्मजात गुन्हेगार कवटीवरून, जबड्यावरून, कानांवरून ओळखता येतो. पुढच्या संशोधनाने ते सपशेल खोटं ठरवलं. पण चेहरा पाहून चोर ओळखण्याची हौस शास्त्राच्या नावाने एकदा मिरवून गेली, ती चित्रकथांत आणि सिनेमांत येऊन राहिली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला. त्या जमातींना ‘विमुक्त’ म्हणू लागले. मी बोट दाखवलं ते त्यानंतर चौदा वर्षांनी. कायद्याच्या पुस्तकातून शिक्का पुसला गेला होता, आमच्या क्वार्टर्समधून नाही. यात अर्नाळकरांचा दोष काढणं अन्यायाचं होईल. त्यांच्या नायकांकडून मी फक्त रुबाब उचलला. तपास करताना धीर धरावा लागतो, तो मी उचललाच नाही. डॅफीनेही डिक ट्रेसीकडून हेच केलं. म्हणून तर त्याला गुप्तहेर व्हायला स्वतःच्याच डोक्यात ठोसा मारून घ्यावा लागतो!

आणि म्हणूनच मी शेवटी या चित्रपटाच्या बाजूने कौल देतो. गोळीबाराचा प्रसंग मला आजही खुपतो. करणाऱ्यांनी तो केवळ गमतीने केला, त्यामागे काही सांगायचा हेतू असेल असं मी म्हणणार नाही. पण सगळ्या प्रकरणाला त्यांनी स्वप्नाची चौकट घातली. बदक जागं होतं तेव्हा ना शहर असतं, ना गुंड, ना चोरी. असतो तो चिखल, आणि आपण कुणाला काय समजत होतो याची शरम. डॅफी ती शरम पुसून पळून जातो, कारण कार्टूनमध्ये पळून जाता येतं. तिथे मेलेली माणसंही नळीत पुन्हा दिवा लागावा तशी उठून उभी राहतात. दौंडच्या नदीकाठी तशी सोय नव्हती.

मागच्या महिन्यात पुन्हा शिरूरला गेलो होतो. पोराला म्हटलं, ते बदक पुन्हा लाव. पाहून झाल्यावर मी त्याला एकच विचारलं, “ते चोर आहेत हे बदकाला कधी कळलं?” तो जरा विचारात पडला. मग त्याने शेवटचा भाग मागे घेऊन पुन्हा पाहिला, आणखी एकदा पाहिला आणि म्हणाला, “आजोबा, गल्ले तर नंतर सापडले. आधी त्याने नुसते चेहरेच बघितले होते.”

मग मी त्याला ताईच्या गल्ल्याची गोष्ट सांगितली. त्याने मध्ये एकदाच तोंड उघडलं. विचारलं, “त्या मुलाचं नाव काय होतं?”